समोरच्या दुकानावरची पाटी

वूस्टरच्या हाय स्ट्रीटवर चाळीस वर्षं जोडे शिवणाऱ्या एनॉक टॉलीच्या पोटात एकाच गोष्टीनं दुखायचं. समोरच्या पारगेटरच्या हातमोज्यांच्या दुकानावर 'रस्त्यावरचं सर्वांत जुनं घर' अशी पाटी लागली होती.

"कसलं जुनं डोंबलाचं! आपल्या गिलाव्यामागं त्याहून जुनं लाकूड आहे."

"आणि नसलं तर? गिलावा परत कोण करणार, तो पारगेटर?" बायको म्हणाली.

एनॉकनं छिन्नीनं भिंत फोडली. खरंच काळीभोर तुळई निघाली! त्यानं इतिहास मंडळाच्या बाईंना बोलावलं, जळवायला पारगेटरलाही. बाईंनी तुळईवर कोरलेली अक्षरं मोठ्यानं वाचली, "जॉब पारगेटर, हातमोजेवाला. हे घर त्यानं बांधलं, १५८२."

पारगेटरनं टोपी काढली. "आमचं घर छान सांभाळलंस हो, एनॉक."