दोम

जिंतूरच्या दवाखान्यात मी कारकून होतो तेव्हाची ही गोष्ट. निजामाच्या राज्यात लोक मला मुन्शीजी म्हणत. पुढं प्रांतांची फेरवाटणी झाली, आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि मुन्शीचा कारकून झाला. टोपी तीच राहिली. माझं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी मी घरी आईच्या पोथ्यांवर शिकलो होतो, पण दफ्तरातली मराठी निराळी असते हे जरा उशिरा कळलं.

दवाखान्यात एक सुईण होती. सारं गाव तिला आम्मा म्हणायचं. हैदराबादच्या जनान्या इस्पितळात शिकलेली. नवऱ्याच्या बदलीमागं इकडं आली, नवरा वारला, ती राहिली. बारा वर्षं तिनं तालुक्यातली बाळंतपणं केली. नव्या वाटणीत हैदराबाद दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्मा जागच्या जागी परराज्यातली झाली.

पुण्याकडून नवे डॉक्टरसाहेब आले. नर्सची कायम जागा भरायची होती. आम्माची उर्दू सनद त्यांनी उलटसुलट धरून पाहिली आणि मला म्हणाले, "हिचं मराठी करून आणा. असला कागद मी कसा ग्राह्य धरू?"

लंगोटाच्या धुवट फडक्यात गुंडाळलेली ती सनद आम्मानं माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "मुन्शीजी, जो है सो लिखना. ज्यास्ती नक्को, कम नक्को."

सनदेत होतं, 'दर्जा दोम में कामयाब'. दोम म्हणजे दुसरा वर्ग, बस. अव्वल एखादाच यायचा. गावातले निम्मे वकील दोम होते आणि मी तर सोम, तिसऱ्यातला. मी फारसा विचार न करता लिहिलं: 'दुय्यम दर्जाची सुईण म्हणून उत्तीर्ण.' दोम आणि दुय्यम एकाच घरातली भावंडं. मला तर वाटलं, झकास मराठी साधली.

डॉक्टरसाहेबांनी वाचलं. "दुय्यम दर्जाची? मग कायम जागेवर कशी घ्यायची?"

तिथंच मला चूक कळली. 'साहेब, दोम म्हणजे नुसता दुसरा वर्ग,' एवढंच वाक्य जिभेवर आलं होतं. पण माझीही उर्दू सनद साहेबांच्या टेबलावर पडली होती, तपासायची राहिलेली. चुकलो म्हणालो असतो तर ह्याला मराठी येत नाही, असा शेरा पडला असता. घरी बायकोला पाचवा महिना होता. मी गप्प बसलो. मी भित्रा होतो. तेव्हा मी त्याला संसार म्हणत होतो.

आम्माला आया म्हणून ठेवलं. चादरी धुवायच्या, फरशी पुसायची. जागेवर एक कोवळी नर्स आली, कागदाला पक्की. बाळंतपण अडलं की तीच हळूच आम्माला आत बोलवायची. बाळ रडलं की आम्मा पुन्हा बादली घेऊन बाहेर. जन्माच्या वहीत नाव नर्सचं. ती वही मीच लिहायचो.

व्हरांड्यात बसलेली एक म्हातारी एकदा मला म्हणाली, "नव्या बाईला लय येतंय म्हनं. मंग आम्मा कामून आत जायलीय?"

मी कागद चाळत राहिलो.

आम्मानं मला कधी काही विचारलं नाही. दारावरून जाताना "सलाम मुन्शीजी" म्हणायची, तेवढंच. मला त्या सलामाची धास्ती बसली. तिची पत्र्याची बादली फरशीवर टेकली की माझी लेखणी थांबायची. आज इतक्या वर्षांनीही घरात कुणी बादली आपटली की माझा हात थांबतो, आणि सुना म्हणतात, मामंजींना काहीतरी आठवलं.

दिवस भरले आणि बायकोचं बाळंतपण अडलं. भर दुपारची वेळ. नर्स दोनदा बाहेर येऊन आत गेली. तिसऱ्यांदा तिनं आम्माला हाक मारली. आम्मा धुणं तसंच टाकून, कोपरापर्यंत हात धुऊन आत शिरली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. मी भिंतीला टेकून देवाला एवढंच म्हणत होतो, माझं पाप आम्माच्या हातात उतरू देऊ नको.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. फडक्यात गुंडाळलेली मुलगी माझ्या हातात देत म्हणाली,

"देख लेव मुन्शीजी. दुय्यम हातां का काम है."

तो शब्द तिनं मराठीतच म्हटला. तिला तो कुणी सांगितला, कधीपासून ठाऊक होता, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिनं बादली उचलली आणि ती धुण्याकडं गेली.

संध्याकाळी मी जन्माची वही उघडली. मुलीचा जन्म लिहिला, बापाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. 'बाळंतपण कुणी केलं' या रकान्यावर लेखणी बराच वेळ धरून ठेवली. माझी सनद अजून साहेबांच्या टेबलावरच होती. मी नर्सचं नाव लिहिलं.