वालपराइसोचं पाकीट

चिली नावाचा जो लांबोळका देश आहे, त्याच्या टपालाविषयी मालवण तालुक्यात कोणाला काही विचारायचं असेल तर माझ्याशिवाय दुसरा माणूस नाही. हे मी गर्वाने सांगत नाही. दुसऱ्या कोणाला त्यात रस नाही, एवढंच.

पण ऐकाच. अँडीजचा डोंगर ओलांडून टपाल नेणारे गडी हिवाळ्यात बर्फात गाडले जायचे, म्हणून स्पॅनिश अमलात त्या वाटेवर विटांच्या छोट्या खोल्या बांधल्या होत्या. आत लाकूडफाटा आणि सुकं मांस भरून ठेवलेलं असायचं. वादळ आलं की टपालवाला आत, वादळ गेलं की पुढे. पुढे देश स्वतंत्र झाला, तिकिटं निघाली. पाच सेंटाव्होची तिकिटं संपली की दहाचं तिकीट कात्रीने तिरकं कापून अर्धं चिकटवायचे, आणि पोस्टाला ते चालायचं. मला सगळ्यात आवडते ती गंमत वेगळीच. पहिल्या तिकिटापासून पुढची पन्नासहून अधिक वर्षं जवळजवळ प्रत्येक तिकिटावर त्यांनी एकाच माणसाचा चेहरा छापला. कोण? तर अमेरिका शोधली असं आपण शाळेत ज्याच्याबद्दल घोकतो, तो दर्यावर्दी. आणि तो गृहस्थ चिलीच्या आसपासही कधी फिरकला नव्हता! स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली तेव्हा कुठे त्या चेहऱ्याची सुटका झाली आणि दुसरी चित्रं आली.

हे वेड मला लावलं माझ्या मामाने. मामा बोटीवर. त्याची पाकिटं आमच्या आजोळी यायची, चिलीची तिकिटं लावलेली. मी दहा वर्षांचा होतो आणि मे महिना, दिवाळी, मिळेल ती सुट्टी आजोळी काढत होतो. पत्र मामीचं, तिकिटं माझी असा करार होता. मी पाकिटाचा कोपरा कापायचो, वाटीत भिजत घालायचो आणि सुटलेलं तिकीट टिपकागदावर पालथं वाळवायचो. सगळी मुलं तसंच करायची. कुठलं तिकीट कुठल्या पाकिटावरून निघालं, ते लिहून ठेवायची अक्कल नव्हती.

मामा गणपतीला घरी आला की खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बैठक बसायची. "वालपराइसोक घरां सगळी डोंगरार," मामा हात उंच करून सांगायचा, "आणि लोक पाळण्यात बसान वर जातत. पैसे देवचे, बसाचा, सर्रकन वर!" हे खरं आहे, चिलीच्या त्या बंदरात रुळांवरून वर ओढले जाणारे तसे पाळणे आहेत. बोटीवरचा माणूस दर चतुर्थीला न चुकता घरी कसा येतो, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही.

मी भूगोलाचा मास्तर झालो तो त्याच्यामुळे. दक्षिण अमेरिकेचा धडा आला की मी पुस्तक मिटायचो आणि पाळण्यांपासून सुरू करायचो. "हे माझ्या मामाने डोळ्यांनी पाहिलंय." गणपतीत, लग्नात, कोणाच्या वर्षश्राद्धाला जेवणानंतर पान लावताना सुद्धा, लोक म्हणायचे, "मास्तर, ता चिलीचा सांगा." मी सांगायचो. हातवारे करून सांगायचो. दशावतारातला राजा माझ्यापुढे फिका पडला असता.

गेल्या वर्षी कुडाळला तिकिटांचं प्रदर्शन ठरलं. मला सोळा पानं लावता येतील अशी एक चौकट मिळाली. विषय अर्थातच चिलीचं टपाल. पण टपालाचा इतिहास दाखवायचा तर सुटं तिकीट पुरत नाही, अख्खं पाकीट लागतं. कुठून निघालं, कुठे पोचलं, ते त्यावर दिसतं. माझ्याकडे विकत घेतलेली पाकिटं होती, पण चौकटीच्या मधोमध मला मामाचं पाकीट हवं होतं. आठवणीपुरती चार पाकिटं मामीने न कापता ठेवली होती, हे मला ठाऊक होतं. मी सगळीकडे सांगूनही टाकलं की मधलं पान मामाचं.

मामीकडे मागितली, तर ती तांदूळ निवडत होती ती निवडतच राहिली. "कित्याक होयी तुका?"

"प्रदर्शनात लावूक. मामाचा नाव जातला कुडाळाक."

"वाळवी लागली आसतली त्यांका."

पुढच्या रविवारी म्हणाली, चावी सापडत नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तिचे गुडघे दुखत होते. शेवटी मामाच आतून ओरडला, "अगो, दी त्याका! भाचो मागताहा ना?" आणि ऐंशी वर्षांचा माझा मामा स्वतः उठून डबा घेऊन आला. चेहरा असा फुललेला की जणू त्याचा सत्कारच आहे.

घरी येऊन मी भिंग लावलं.

पोस्टात शिक्का मारतात तो अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर पडतो. तिकीट काढून पुन्हा वापरता येऊ नये, म्हणून तर तो मारायचा. मामाच्या पाकिटांवर वालपराइसोचा गोल शिक्का तिकिटाच्या कडेपर्यंत यायचा आणि तिथेच संपायचा. तिकिटापुढे पाकिटाचा कागद कोराच. चारही पाकिटांवर. म्हणजे आधी वापरलेली तिकिटं कोणीतरी नंतर चिकटवली होती. आणि चौथ्या पाकिटावर, मी पाचवीत असताना आलेल्या पाकिटावर, तो दर्यावर्दी होता! त्याची सद्दी संपली तेव्हा माझे आजोबा पाळण्यात होते.

मी तसाच परत गेलो. मामा सुपारी कातरत होता.

"मामानू, तुमी चिलीक कधी गेल्लात?"

अडकित्ता थांबला. "खूपदा."

"शिक्को पाकिटार नाय. निसतो तिकिटार आसा."

मामाने मामीकडे बघितलं. मामी म्हणाली, "मी सांगी होतंय, देव नकात म्हणान."

मग हळूहळू बाहेर आलं. बोटीवर घ्यायच्या आधी डोळे तपासतात, त्यात मामाला लाल-हिरवं ओळखता आलं नाही. तेव्हा लग्न ठरलेलं होतं, मुलगा बोटीवर आहे म्हणून. मामा मुंबईत गोदीजवळच्या खानावळीत लागला. जेवायला येणारे खलाशी दुनियेच्या गोष्टी सांगायचे, त्यांच्या पत्रांवरची तिकिटं मामा मागून घ्यायचा. कमी पडली की फूटपाथवर पुडीत मिळायची. गावाकडे येणाऱ्या कोणा मुंबईकराबरोबर पाकीट यायचं, ते आमच्या पोस्टमनकडे जायचं आणि तो मागच्या बाजूला गावचा शिक्का मारून अगदी साग्रसंगीत दारात आणायचा.

"म्हणजे पोस्टमनाक ठावक होता?"

"त्याका ठावक नसात तर चलतला कसा?" मामी म्हणाली.

"माझ्या आवशीक?"

मामीने कातरलेली सुपारी गोळा करायला घेतली.

"गावाक?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षाकच सगळ्यांका समाजला. तू ल्हान होतंस. तू त्या तिकिटांका इतको जीव लावलंस, मगे तुका सांगतलो कोण?"

मामा मधेच म्हणाला, "तुका बरां वाटला ना पण?"

मामा खोटं बोलला, ते मी त्याच क्षणी माफ केलं असतं. मी स्वतः गोष्टी सांगणारा माणूस आहे, थोडं तिखटमीठ मलाही लागतं. पण चाळीस वर्षं ज्यांच्यापुढे मी हातवारे केले, ते "मास्तर, ता चिलीचा सांगा" म्हणणारे, माना डोलावणारे, पाळण्याचं ऐकून डोळे विस्फारून "आवशीक खाव!" म्हणणारे, सगळे जाणून बसलेले होते. नट मी नव्हतोच. नाटक समोरच्या बाकांवर चाललं होतं आणि प्रेक्षक होतो मी एकटा. माझी आईसुद्धा त्यात होती, आणि ती आता भांडायलाही नाही.

प्रदर्शनात मी पंधरा पानं लावली. मधलं कोरं ठेवलं. परीक्षकांनी विचारलं, मी म्हटलं, नमुना मिळाला नाही. त्यांनी गुण कापले.

दुपारी मामा आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मागे मामी, आणि गावातली पाच-सहा माणसं. ती माणसं चौकटीकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मामाने पानांवरून बोट फिरवत आणलं आणि मधोमध थांबला.

"माझा पाकीट खंय?"

"मामानू," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तां पोचलाच नाय."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. मामाचं बोट कोऱ्या पानावरच राहिलं. मामीने त्याचा दंड धरला आणि माझ्याकडे वळली.

"पोचला नाय कसा?" ती म्हणाली. "पोस्टमन दिसलो की तू बांधावरसून धावत येय होतंस. अनवाणी. आमी सगळी दारात उबी रवान बघी होतंव."

"ताच तर मामी," मी म्हटलं. "तुमी सगळी बघी होतंत."