मक्याच्या शेतातला किल्ला

बाळांनो, मार्चच्या सुट्टीत इकडे आलात की पहिल्याच दिवशी आबांचा किल्ला बघायचा, असं तुम्ही परवा फोनवर ठरवून टाकलंत. मी 'हो' म्हटलं. ते खरं नव्हतं. शेतात उभं राहून तुम्ही विचाराल, त्याआधी लिहून कळवते.

तुमच्या जपानातल्या घरामागचा तो डोंगर आपण चौघं चढलो होतो. बुरूज दिसतील, दरवाजे दिसतील म्हणून मी धापा टाकत वर आले, तर नुसती झाडं, सपाट केलेल्या जागा आणि खोल चर.

"किल्ला कुठे आहे?"

धाकटी म्हणाली, "आजी, तू किल्ल्यातच उभी आहेस."

मी इंग्रजी फलक वाचत राहिले. आबा मात्र काठी टेकत चरात उतरले. एक चर डोंगराची सोंड आडवी तोडणारा. उतारावरचे उभे, शत्रूला बाजूने सरकता येऊ नये म्हणून. आत जायची वाट दोनदा वळवलेली.

"पळत येणारं जनावर वळणावर थबकतं," आबा म्हणाले.

"शत्रू," मी दुरुस्त केलं.

"तेच ते."

अमळनेरला परतल्यावर त्यांनी कुदळ काढली. नाल्याकडून रानडुकरं येऊन मका लोळवत असत. त्या बाजूने आबांनी कमरेइतका चर खणला, माती आतल्या अंगाला रचली आणि शेताची वाट दोन वळणांची केली. सगळा हिवाळा रोज सकाळी तेच काम. वाटेने जाणारे थांबून तोफ कधी आणणार म्हणून चिडवत, "आबा, किल्ला तं व्हयना, आते तोफ कव्हय लयनी शे?"

"पह्यले डुक्कर तं येऊ दे!"

डुकरं आली, चराच्या काठाने फिरली आणि परत गेली. त्या सकाळी आबांनी मला खास शेतात नेऊन त्यांच्या खुरांचे ठसे दाखवले. मी म्हटलं, "छान. पण बांध वाकडा झालाय."

मागच्या वर्षी आबा गेले आणि शेत मी बटाईने दिलं. कसणारा भला माणूस. त्याने एवढंच विचारलं, "अक्का, वाटवर ट्रॅक्टर वळत नही. तेवढी सरळ करू का?" तेवढीच केली असती तर चाललं असतं. पण मला अर्धवट काम आवडत नाही. जेसीबी येणारच आहे तर चरही बुजवून घ्या, बांधही रेषेत घ्या, असं मी सांगितलं. खुर्ची टाकून, छत्री धरून मी समोर बसले होते. दुपारच्या जेवणाआधी सगळं सपाट झालं.

तुमच्या त्या डोंगरावर एका चरात पडलेला दगडसुद्धा कोणी हलवू नये म्हणून दोरी बांधली होती. तो फलक मी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवला होता. जेसीबीसमोर बसले असताना मला तो आठवला नाही.

यंदा डुकरांनी नाल्याकडचा मका लोळवला.

काल मी जाऊन नीट पाहून आले. कडुलिंबाच्या मुळांमुळे जेसीबीचा हात पोचला नव्हता, तिथे बारा पावलं चर शिल्लक आहे. आतल्या अंगाला आबांनी रचलेली मातीही आहे.