सुई हळू चालवली आणि फोम वितळला

मंडळी, आज नायगावात माझा मित्र मेल्विनच्या वर्कशॉपमध्ये माझी सुई एकदाची चालली! त्याच्या लाकूड कोरायच्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर मी भंगारातली मोटर बसवली आणि तिला शिलाई मशीनसारखी वर-खाली होणारी सुई जोडली. फोम कापायला.

मेल्विन लग्नांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. पेटीत आपटून ट्रम्पेट चेपतं, म्हणून त्याला मापाची खाच असलेला फोम हवा होता. संध्याकाळी लग्न, आणि फोमचे तुकडे दोनच.

मला लहानपणापासून सगळे एकच सांगतात, घाई करू नको. म्हणून मशीन अगदी हळू सोडलं. सुई एकाच जागी घासत राहिली, तापली आणि फोम वितळला.

"राहू दे रे बाबा," मेल्विन म्हणाला. "चादरीत गुंडाळून नेतो."

"एकदाच. आता जोरात सोडतो."

"आणि नेहमीसारखा मध्येच चहाला पळालास की मी काय करू?"

पळालो नाही. बंद करायच्या बटणावर बोट ठेवून शेवटपर्यंत बसलो. दुसऱ्या तुकड्याची कड स्वच्छ निघाली. ट्रम्पेट आत ठेवून मेल्विनने पेटी कानाशी हलवली. काही वाजलं नाही.

तेव्हापासून वाटतंय, मला हळू व्हायची गरजच नव्हती. फक्त काम संपायच्या आधी उठायचं नव्हतं. तुम्हाला असं जागेवर कोणत्या कामाने बसवलं?