आमटीतली भरती, आमटीतली सुकती

हातखंब्याला रस्त्याच्या कामावर नवरा आला आणि त्याच्यामागं मी, पार लातूरकडून. सातवीत शाळा सुटलेली बाई मी. तरी भाट्ये किनाऱ्याजवळच्या एका शाळेत आमटी-भात शिजवायचं काम मोठ्या बाईंनी मला दिलं. तो उपकार मी विसरत नाही. पण दर वर्षी कामाचा कागद नवा होतो, आणि त्यावर बाईंची सही होईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

इथली पोरं मासेमारांची. त्यांनी आमटीचाही समुद्र करून टाकलेला. वरचं पातळ पाणी म्हणजे भरती. तळाचं घट्ट, डाळीचं, ती सुकती. ओहोटीला इकडं तेच म्हणतात. भाताची करपलेली खरवड म्हणजे कातळ. "मावशी, भरती नको गो, वायच सुकती घाल!" एवढं ऐकलं की माझा डाव बरोबर तेवढाच खाली जायचा. ताटात शीत उरायचं नाही. माझ्या 'लई'ची आणि 'काय करायलास'ची ती नक्कल करायची, ते निराळंच.

मग तपासणी येणार असं कळलं आणि बाईंना शुद्ध भाषेचा झटका आला. गावठी शब्द तोंडातून निघाला की पोरानं रांगेच्या शेवटी जायचं. आणि पाठवायचं कोणी? मी! जिला स्वतःला धड शुद्ध बोलता येत नाही, तिला भाषेची फौजदार केली. भुकेल्या पोराला मागं ढकलून सुधारायची विद्या सातवीपर्यंत तरी मला कुणी शिकवली नव्हती. पुढच्या इयत्तांत असेल. तरी मी ढकललं. कागद होता ना.

आठवड्याभरात पोरं शुद्ध झाली. "कृपया आमटी वाढा." कुठली वाढू, हे कुणी सांगेना. नको ते ताटात, आणि ताटातलं कुत्र्यांपुढं. बाई म्हणाल्या, "बघा, केवढी शिस्त आली!"

तपासणीच्या दिवशी साहेब माझ्या शेजारीच उभे. पहिलीतली एक पोर ताट धरून गप्प. भांड्यात डोकावली, माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं.

"बोल बाळ, घाबरू नको," साहेब म्हणाले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मागं रांग तुंबलेली. माझ्याच तोंडातून गेलं, "भरती का सुकती, सांग की गं लवकर!"

मग मागून एक ओरडला, "मावशी चुकली! मावशे, जा मागं!" आणि अख्खी रांग, "जा मागं! लायनीच्या शेवटी!"

नियम तो नियम. मी डाव बाईंच्या हातात दिला आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिले. बाई इस्त्रीच्या साडीत वाढू लागल्या, आणि पोरांची तोंडं एकदाची सुटली. "बाई, सुकती!" "बाई, नुसती भरतीच आली!" "मला कातळ!" बाई मूळच्या बुरोंडीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्याच. एकाही शब्दाचा अर्थ त्यांना विचारावा लागला नाही.

नियम मागं घेतला असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. शिकलेली माणसं चूक मागं घेत नाहीत, तिच्याबद्दल बोलायचं बंद करतात.

जूनचा कागद त्यांनी स्वतः आणून दिला. "सही केलीय. बघितलीत ना, मावशी?"

मी तीनदा बघितली होती. "हो बाई," म्हणाले, आणि तांदूळ निवडायला बसले.