करारातलं अकरावं कलम

उल्हासनगरच्या कोर्टात माझी वकिली चालायची, पण शनिवारी काळा कोट घरी ठेवून मी बेलवलीच्या घरून स्कूटरने बारवी धरणाकडच्या एका आदिवासी पाड्यावर जायचे. तिथल्या शाळेत बायकांना कायदा शिकवायचे. जातीचा दाखला कसा काढायचा, जंगलजमिनीच्या दाव्याला कोणते कागद लागतात, असलं सगळं. बहुतेकींना वाचता येत नव्हतं, म्हणून एक गोष्ट दर वेळी बजावायचे: कुणी कितीही घाई केली तरी कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

अंबरनाथच्या लॉ कॉलेजातली माझी एक विद्यार्थिनी पुढच्या शिक्षणासाठी युरोपात गेली होती. तिच्याकडून या वर्गाबद्दल ऐकून तिथल्या प्राध्यापकबाईंनी मला व्हिडिओ कॉल केला. त्यांच्या विद्यापीठाला आमच्याशी भागीदारी करायची होती. त्यांचे विद्यार्थी येणार, मी अंबरनाथला शिकवत असलेल्या कायद्याच्या मुलांबरोबर पाड्यावर काम करणार, वर्गावर एक फिल्म होणार आणि ती दाखवताना मी तिकडे जाऊन भाषण करणार. मी हरखून गेले.

सोमवारी सही करायची होती. शनिवारी मी वर्गात ही बातमी सांगितली. खिडकीपाशी बसणारी एक मावशी, जंगलातून मोळ्या आणून विकणारी, म्हणाली, "कागद आनलास?"

"आणलाय. पण इंग्रजीत आहे, मोठा आहे."

"आमचं बी हाय ना त्यात? मंग वाच की. तूच सांगतेस ना आमाला."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते. पहिली दोन पानं सोडली तर तो करार मीसुद्धा वाचला नव्हता.

एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. अकराव्या कलमाशी अडखळले. वर्गात जे काही रेकॉर्ड होईल त्यावर कायमचा हक्क विद्यापीठाचा. ते हवं तिथे, हवं तसं वापरतील.

मावशी हळूच म्हणाली, "मी लेकीचं बोलले, तसलं बी?"

तिच्या लेकीला सासरच्यांनी माहेरी हाकललं होतं आणि तिची लहान मुलगी ठेवून घेतली होती. लेक तक्रार करायला घाबरत होती. मावशीने हे एकदाच वर्गात रडत सांगितलं होतं. (तिला आणि लेकीला विचारूनच मी हे लिहिते आहे.)

"हो," मी म्हटलं. "तसलंही."

मी करार घडी करून पिशवीत टाकला.

घरी येऊन प्राध्यापकबाईंना कळवलं की या कलमासकट मी सही करणार नाही. चार दिवस उत्तर नाही. विद्यार्थ्यांची तिकिटं निघाली होती. सगळं मोडलं असंच मी धरून चालले होते.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. "ते कलम आमच्या प्रत्येक करारात असतं. खरं सांगते, मीही ते कधी नीट वाचलं नव्हतं. वर्गातल्या बायकांनाच विचारा, कसं लिहू?"

मावशीने सांगितलं, "बोलनं आमचं. इचारल्याबिगर न्यायचं नाय."

हे वाक्य मराठीतच करारात गेलं, खाली इंग्रजी भाषांतर. कायमचा हक्क मिळणार नाही म्हणून फिल्म मात्र विद्यापीठाने रद्द केली, आणि तिच्याबरोबर माझं भाषणही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? नवी साडीसुद्धा घेतली होती.

विद्यार्थी आले. महिन्याभराने एका शनिवारी मावशीची लेक पहिल्यांदाच वर्गाला आली. वर्ग संपला तरी दाराशी घुटमळत राहिली. मग म्हणाली, "आय म्हनली, हितं बोललेलं भाईर जात नाय. मला माजी पोर पायजेल."

अंबरनाथच्या दोन मुलींनी आणि त्या परदेशी विद्यार्थ्यांतल्या एकीने बसून कागद जमवले. मुलीच्या ताब्याचा अर्ज मी दाखल केला. तारखांवर तारखा पडल्या. दोनदा सासरचे आलेच नाहीत. लेक मात्र प्रत्येक तारखेला आईचा हात धरून आली. एकदा तर ताप अंगात घेऊन.

निकाल आमच्या बाजूने लागला. कोर्टाच्या आवारात पोर आईकडे अनोळखी नजरेने बघत राहिली. लेक तिच्यासमोर उकिडवी बसली, हात पुढे केला नाही, नुसती तिच्याशी बोलत राहिली. बऱ्याच वेळाने पोरीने तिच्या बांगड्यांना हात लावला. मग मावशी म्हणाली, "चला, भुका लागल्यात," आणि आम्ही चौघी समोरच्या गाडीवर वडापाव खायला गेलो.