पाणी जायची वेळ

माझा स्वभाव तापट. आईच्या बाबतीत तर जास्तच, कारण ती ऐकत नाही. बीपीची गोळी वाढवताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आजी, झोप पूर्ण व्हायलाच हवी." आणि ही बाई रोज पहाटे साडेचारला टक्क जागी!

घाटकोपरच्या आमच्या चाळीत साडेचारला पाणी यायचं आणि सहाला जायचं. पस्तीस वर्षं ते आईने भरलं. आता ती माझ्याकडे मुलुंडला असते. आठवा मजला, चोवीस तास पाणी. तरी साडेचारला उठून पातेली, कळशी, अगदी चहाचं भांडंसुद्धा भरून ठेवते. मी ओरडते, "अगं, नळ काय पळून जाणाराय का?" ती म्हणते, "भरलेलं बरं असतं."

शेवटी मी ठरवलं, हिला नळच नसेल अशा ठिकाणी न्यायचं. एक रात्र तरी सलग झोपेल. पाऊस ओसरल्यावर आम्ही दोघी कर्जतच्या पुढे एका धबधब्यावर गेलो. वाट सोपी, जेमतेम वीस मिनिटांची, आईच्या गुडघ्यांना झेपेल अशी. धबधब्याला लागूनच एका गावकऱ्याने माळावर तंबू लावले होते. आई खूश! पाण्यात पाय सोडून बसली, शेजारच्या तंबूतल्या कॉलेजच्या पोरींना "घसराल गं" म्हणून दटावलं, पिठलं-भाकरी दोनदा मागून घेतली आणि नऊलाच आडवी झाली. म्हटलं, झकास! जमलं.

पहाटे जाग आली तर बाजूची सतरंजी रिकामी.

ओले दगड, तिचे ते गुडघे. तशीच अनवाणी धावले. नुकतं उजाडत होतं. धबधब्याच्या कडेला आई शाल पांघरून एका दगडावर बसली होती. समोर बाटल्यांची रांग. आमच्या चार, पोरींच्या सहा, शिवाय तंबूवाल्याची कळशी आणि किटली. सगळं काठोकाठ भरलेलं.

मी तोंडच सोडलं. "काय करू गं तुझं मी? एक रात्र झोप म्हटलं तर तेवढंही नाही! पडली असतीस म्हणजे?"

तिने सगळं ऐकून घेतलं. मग धबधब्याकडे बोट करून, अगदी बुचकळ्यात पडल्यासारखी म्हणाली, "सहा वाजून गेले गं. जाईचना हे."

"काय जाईना?"

"पाणी. माझं केव्हाच भरून झालंय. म्हटलं, एकदा गेलं की जाऊन पडावं."

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं. चाळीतही तिचं असंच असायचं. पाणी गेल्यावर दहा मिनिटं पाठ टेकायची, की लगेच आमचे डबे. लग्न होईपर्यंत मी त्याच घरात होते, आणि एकदाही उठले नव्हते. दहावीचं सोडा, नोकरीला लागल्यावरही नाही. उलट बादली वाजली की पांघरुणातून खेकसायचे, "आई, हळू ना!" लाज वाटली मला. खूप वाटली.

"आई, तू जा, झोप," मी म्हटलं. "पाणी मी बघते."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू बघशील?"

"हो. मी आहे ना."

"डोळा लागेल हां तुझा."

"नाही लागणार."

हात धरून तिला तंबूत सोडलं आणि त्याच दगडावर येऊन बसले. पोरी उठल्या, आपापल्या बाटल्या घेऊन गेल्या. तंबूवाल्याने चहा आणून दिला. मी हलले नाही.

साडेनऊला तंबूचा पडदा हलला. विस्कटलेले केस, गालावर सतरंजीचे वळ. आईने तिथूनच हाक मारली, "गेलं का गं?"

"नाही अजून," मी ओरडून सांगितलं. "चालू आहे."

"मग पडते मी अजून थोडी," ती म्हणाली, आणि पडदा ओढून घेतला.